स्मृतीचे ओझे आणि स्मृतीचे देणे

(हीरकमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हीरकमहोत्सव हा स्मरणाचा सोहळा. अशा सोहळ्यात विस्मरणावरची एक कादंबरी व्याख्यानासाठी निवडणे काहींना विपरीत वाटेल. परंतु स्मरणाची किंमत कळायची असेल तर ते जिथे उरलेलेच नाही असे जग एकदा पाहून यावे लागते. लोइस लॉरी या अमेरिकन लेखिकेने १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द गिव्हर’ या कादंबरीत असे जग उभे केले आहे. ‘गिव्हर’ म्हणजे देणारा, दाता. कादंबरी किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेली. १९९४ साली तिला अमेरिकेतील बालकुमार साहित्याचे मानाचे न्यूबेरी पदक लाभले आणि २०१४ साली तिच्यावर चित्रपटही निघाला. मात्र ज्या देशाने तिचा गौरव केला, त्याच देशात ती शाळांतून आणि ग्रंथालयांतून काढून टाकावी अशी मागणी पुन्हा पुन्हा झाली. मृत्यू आणि हत्या यांसारखे विषय कोवळ्या वयात मुलांसमोर नकोत, असे मागणी करणाऱ्या पालकांना वाटत होते. या मागणीत कादंबरीतील प्रश्नच प्रत्यक्षात उतरला होता, हे पुढे ध्यानात येईल.

कादंबरीतील समाज प्रथमदर्शनी आदर्श आहे. तिथे भूक नाही, बेकारी नाही, भांडण नाही. घरांना कुलपे नाहीत. प्रत्येक कुटुंबाला अर्ज केल्यावर एक मुलगा आणि एक मुलगी मिळते; त्यांना जन्म देणाऱ्या स्त्रिया वेगळ्या असतात. नवव्या वर्षी प्रत्येक मुलाला सायकल मिळते, बाराव्या वर्षी प्रत्येकाचे जन्माचे काम ठरते. हे काम ज्येष्ठांची समिती मुलांचे वर्षानुवर्षे निरीक्षण करून ठरवते, आणि ती सहसा चुकत नाही. रात्री जेवणानंतर घरातील प्रत्येकाने दिवसभरातील आपल्या भावना सांगायच्या, सकाळी आपली स्वप्ने सांगायची. वयात येताना मन चाळवू लागले की एक गोळी घ्यायची. मग ते चाळवणे थांबते. चुकलेल्याने ठरलेल्या शब्दांत क्षमा मागायची आणि ऐकणाऱ्यांनी ठरलेल्या शब्दांत ती करायची. कित्येक पालकांना यातील निम्म्या गोष्टी आपल्या घरी असाव्यात असे वाटेल, आणि त्यात त्यांचा दोष नाही. लेखिकेने हे गाव मुद्दाम हवेसे वाटेल असेच रंगवले आहे.

या सुखाची किंमत वाचकाला हळूहळू कळते. या गावाने फार पूर्वी ‘एकसारखेपणा’ स्वीकारला. ऊन, पाऊस, बर्फ काढून टाकले, कारण त्यांनी शेतीत आणि वाहतुकीत अडथळा येई. टेकड्या सपाट केल्या. रंग काढून टाकले. आणि या सर्वांबरोबर त्या आधीच्या साऱ्या काळाची आठवणही काढून टाकली. गावात आता आजीआजोबा ही कल्पना नाही. मुले मोठी झाली की त्यांचा आईवडिलांशी संबंध उरत नाही. घरांत नियमांच्या आणि माहितीच्या दोन-तीन पुस्तकांपलीकडे पुस्तक नाही. आपण काही गमावले आहे, हे कळण्यासाठी जे आठवावे लागते तेच कोणापाशी शिल्लक नाही. स्मृतीवरील नियंत्रणाचे हे पूर्ण यश म्हणावे लागेल, कारण इथे कोणावर बळजबरी करण्याची गरजच पडत नाही.

परंतु स्मृती नष्ट करता येत नाही, एवढे या गावालाही ठाऊक आहे. म्हणून ती एका माणसाकडे ठेव म्हणून दिलेली असते. हा स्मृतिग्राहक. पिढ्यांमागच्या पिढ्यांचे सुख, युद्ध, दुष्काळ, प्रेम, सारे काही हा एकटा माणूस वागवतो. त्याच्या खोलीत भिंतीभर पुस्तके असतात आणि त्याच्या दाराला, साऱ्या गावात केवळ त्याच्याच दाराला, कुलूप असते. तो थकला आहे. त्याच्या जागी बारा वर्षांच्या जोनस या मुलाची निवड होते. त्या दिवसापासून म्हातारा ग्राहक दाता होतो. जोनसला पालथे निजवून तो त्याच्या उघड्या पाठीवर हात ठेवतो आणि एकेक आठवण त्याच्या स्वाधीन करतो.

पहिली आठवण बर्फाच्छादित टेकडीवरून घसरगाडीने खाली येण्याची आहे. थंडी, वेग, आनंद; जोनसने यांतले काहीच पूर्वी अनुभवलेले नव्हते. मग उन्हाची ऊब, मग उन्हाने भाजलेली कातडी. पुढे मोडलेला पाय, भूक, आणि शेवटी रणांगणावर पाण्यासाठी तडफडणारा एक जखमी मुलगा. मध्येच त्याला रंग दिसू लागतात. मित्राबरोबर झेलाझेली करताना हातातले सफरचंद क्षणभर वेगळे भासते. तो लाल रंग होता, हे त्याला नंतर कळते. एका आठवणीत त्याला घरातली वडीलधारी माणसे, दिवे, भेटवस्तू आणि त्या सर्वांना बांधणारी एक ऊब जाणवते. तिला प्रेम म्हणतात, असे दाता सांगतो. जोनस घरी जाऊन आईवडिलांना विचारतो, तुमचे माझ्यावर प्रेम आहे का? ते हसतात आणि त्याला शब्द काटेकोर वापरण्याची समज देतात. तो शब्द त्यांच्या लेखी इतका अस्पष्ट आहे, की त्याला जवळजवळ अर्थच उरलेला नाही.

भाषेचा अभ्यास करणाऱ्याने या प्रसंगापाशी थांबावे. त्या गावात भाषेच्या अचूकपणावर फार भर आहे, आणि तरीही तेथील सर्वांत भयंकर गोष्टीला सर्वांत सौम्य शब्द आहे. वृद्धांना, नियम मोडणाऱ्यांना आणि अपेक्षित वजन न भरणाऱ्या बालकांना तिथे ‘मुक्त’ केले जाते. मुक्त झालेले कुठेतरी दूर जातात, अशी सर्वांची समजूत असते. जोनसचे वडील नवजात बालकांचे संगोपन करतात. ते मायाळू आहेत. जुळ्यांपैकी कमी वजनाच्या बाळाला मुक्त करताना ते काय करतात, हे जोनस दात्याच्या खोलीत पडद्यावर पाहतो. त्या बाळाच्या डोक्यात सुई टोचताना वडिलांचा आवाज नेहमीसारखाच लाडिक असतो. त्यांना आपण मारतो आहोत हे कळत नाही, कारण मरण म्हणजे काय याची आठवणच त्यांच्यापाशी नाही. क्रूर नसलेल्या माणसाच्या हातून क्रौर्य घडावे, यासाठी त्याची स्मृती काढून घेणे पुरेसे असते, असे ही कादंबरी सांगते.

मग प्रश्न उरतो की गावाने हा एक ग्राहक तरी का ठेवला? कादंबरीत याचे उत्तर आहे. एकदा नागरिकांनी जन्मसंख्या वाढवण्याची मागणी केली, तेव्हा ज्येष्ठांनी ग्राहकाचा सल्ला घेतला. त्याच्या मनात अनेक पिढ्यांपूर्वीची भूक जागी झाली आणि त्याने नकार दिला. त्याने भुकेविषयी काही सांगितले नाही, कोणी विचारलेही नाही. ज्येष्ठांना शहाणपण हवे होते, पण ज्या दुःखातून ते येते त्यात वाटा नको होता. दहा वर्षांपूर्वी रोझमेरी नावाची मुलगी ग्राहक म्हणून निवडली गेली होती. काही आठवड्यांतच दुःखाच्या आठवणी तिला असह्य झाल्या आणि तिने स्वतःच मुक्तता मागून घेतली. तेव्हा तिच्यापाशी असलेल्या आठवणी परत गावात पसरल्या आणि गाव हादरले. हा धागा धरूनच जोनस आणि दाता शेवटचा बेत आखतात. जोनस गाव सोडून दूर जाईल, त्याच्या आठवणी सर्वांकडे परततील, आणि त्या सोसायला शिकवण्यासाठी दाता मागे थांबेल.

लेखिकेच्या आयुष्यातील दोन गोष्टी या कादंबरीच्या मुळाशी आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर वडिलांच्या लष्करी नोकरीमुळे तिचे काही बालपण टोकियोत गेले. तिथे अमेरिकन कुटुंबांची स्वतंत्र, कुंपणाने वेढलेली वसाहत होती; आत सारे अमेरिकेसारखे, ओळखीचे आणि सुरक्षित. ती मुलगी सायकल काढून कुंपणाबाहेरच्या गजबजलेल्या जपानी वस्तीत भटकत असे. पुढे अनेक वर्षांनी वडिलांची स्मृती वार्धक्याने क्षीण झाली. आपली थोरली मुलगी तरुणपणी वारली, हेही ते विसरले. त्या विस्मरणाने त्यांचे दुःख हलके केले होते. मात्र त्याबरोबर ती मुलगीही त्यांच्यापासून दुरावत होती.

स्मृतीवर नियंत्रण ठेवणारे असे गाव नकाशावर सापडणार नाही. पण मराठी समाजाच्या स्मृतीला कुलूप लागल्याचा इतिहास मात्र आहे, आणि तो फार दूरचा नाही. १८१८ साली पेशवाई बुडाली. राज्यकारभाराचे लाखो मोडी कागद इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधून राहिले. इनाम, वतन, जमीन यांच्या चौकशीसाठी सरकारला ते हवे होते. देशी अभ्यासकांना मात्र तिथे सहज प्रवेश नव्हता. एका समाजाचा भूतकाळ असा एका इमारतीत बंद झाला. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी यावर दुसरा मार्ग शोधला. दफ्तर बंद असेल तर घरे उघडी आहेत, असे मानून हा माणूस गावोगाव हिंडला. जुन्या वाड्यांचे माळे, पेट्या, फडताळे यांतून वाळवीने खाल्लेले कागद त्यांनी गोळा केले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली आला. पुढे एकूण बावीस खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. तारुण्यातच पत्नी गेली, त्यानंतर त्यांनी संसार केला नाही; १९२६ साली धुळ्यात त्यांचे निधन झाले. कादंबरीतल्या दात्याचे एकटेपण ज्याला परके वाटते, त्याने राजवाड्यांचे चरित्र वाचावे. पेशवे दफ्तराचे दार खऱ्या अर्थाने उघडले ते त्यांच्या निधनानंतर, रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड १९३० नंतरच्या काही वर्षांत प्रसिद्ध झाले.

मात्र तोवर दुसरे कुलूप लागत आले होते, आणि ते परक्याने लावलेले नव्हते. मोडी लिपी व्यवहारातून आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शाळांतूनही गेली. छपाईला बाळबोध सोयीची होती, त्यामुळे तो निर्णय समजण्यासारखा आहे. परंतु परिणाम असा झाला की पणजोबांचे पत्र पणतूच्या हातात असूनही त्याला ते वाचता येईना. रायपूर आणि बिलासपूर परिसरातील कित्येक जुन्या मराठी घरांत आजही असे कागद निघतात आणि रद्दीत जातात. कुणी ते जाळण्याचा हुकूम दिलेला नसतो.

तिसरे कुलूप सर्वांत सोयीचे. जे आठवायला आवडते तेच आठवायचे. पुरानी बस्तीत वाढलेल्या मराठी मुलाला हे विशेष समजून घ्यावे लागेल, कारण त्याचे पूर्वज इथे ज्या वाटेने आले ती वाट नुसत्या अभिमानाची नाही. १७४१ साली नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम यांची फौज रतनपुरावर आली. हैहयवंशी राजे रघुनाथसिंह वृद्ध होते, पुत्रशोकाने खचलेले होते. त्यांनी लढाई दिली नाही. राजधानीवर जबर खंडणी बसली. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपुराहून कारभार केला. त्यांच्याविषयी छत्तीसगडात आजही आदराने बोलले जाते. रतनपूरच्या रामटेकडीवरील राममंदिर त्यांचे. दसऱ्याला सोने म्हणून पाने देण्याची चाल त्यांच्या काळात इकडे रुजली, असे इथले इतिहासकार नोंदवतात. मराठी घरांना ही आठवण प्रिय आहे. बिंबाजींनंतर सुभेदारांमार्फत कारभार सुरू झाला. त्या काळातील वसुलीची आणि वेठबिगारीची आठवण मराठी घरांत क्वचित निघते, छत्तीसगडच्या इतिहासाच्या पुस्तकांत मात्र ती आहे.

आणि भास्कररामांची वाट रतनपुराशी संपली नाही. १७४२ पासून नागपूरकरांच्या फौजा बंगालात शिरल्या. बंगालच्या लोकांनी त्या स्वारांना ‘बर्गी’ म्हटले. गंगाराम या बंगाली कवीने त्या धाडींवर ‘महाराष्ट्रपुराण’ नावाचे काव्य लिहिले. त्यात लुटलेली गावे आणि पळणारी माणसे आहेत. कलकत्त्याभोवती खणलेल्या चराला ‘मराठा डिच’ हेच नाव पडले. बंगाली आया आजही मुलांना निजवताना बर्गींच्या भीतीचे गाणे म्हणतात. एकच स्वारी नागपुरी बखरीत पराक्रम असते आणि बंगाली अंगाईत भय असते. दोन्ही आठवणी खऱ्या आहेत. शिवरायांच्या चरित्रातून रयतेच्या भाजीच्या देठालाही हात न लावण्याचा धडा घेणाऱ्या मराठी मुलाला बर्गींची आठवणही द्यायला हवी. त्याशिवाय त्या धड्याचे मोल त्याला पुरते कळणार नाही.

हे सांगताना पुरानी बस्तीतील मराठी माणूस कोणी आक्रमक म्हणून उभा करायचा नाही. इथली बहुसंख्य मराठी कुटुंबे नंतर आली. कोणी कचेरीत, कोणी शाळेत, कोणी रेल्वेत. मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती, तेव्हा रायपूरला येणे म्हणजे परगावी जाणे होते, परप्रांतात नव्हे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि रायपूर मध्य प्रदेशात राहिले. घराचा उंबरा न ओलांडता माणसे ‘महाराष्ट्राबाहेरची’ झाली. २००० साली छत्तीसगड राज्य झाले तेव्हा त्यांची ओळख आणखी एकदा बदलली. अशा समाजाला टोकियोतील त्या अमेरिकन वसाहतीचा मोह पडणे स्वाभाविक आहे. आपला गणपती, आपले हळदीकुंकू, आपली नाटके, आणि भोवती एक अदृश्य कुंपण. पण महामाया मंदिर, दूधाधारी मठ आणि बूढा तालाब यांच्या सान्निध्यात वाढणाऱ्या मुलाची स्मृती केवळ मराठी असू शकत नाही. दुष्काळात व्यापाऱ्याचे कोठार फोडून भुकेल्यांना धान्य देणारे सोनाखानचे वीर नारायणसिंह यांना १० डिसेंबर १८५७ रोजी याच रायपुरात फाशी दिले गेले. ती भुकेची आठवणही या मुलाचीच आहे.

कुंपणाबाहेर पडलेल्या मराठी माणसाचे सर्वांत मोठे उदाहरण रायपूरकरांना दूर शोधावे लागत नाही. माधवराव सप्रे यांचा जन्म १८७१ साली दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे झाला. मातृभाषा मराठी, शिक्षण बिलासपूर आणि रायपूर येथे. १९०० साली त्यांनी पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. रामराव चिंचोलकर आणि वामनराव लाखे त्यांच्या सोबतीला होते. त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा अनेक अभ्यासक हिंदीतील पहिल्या कथांपैकी मानतात. तिच्यात एका विधवेची झोपडी जमीनदार बळकावतो आणि ती तिथली टोपलीभर माती मागते. समर्थांचा ‘दासबोध’ आणि लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ त्यांनी हिंदीत नेले. १९२४ साली ते हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. रायपुरात त्यांच्या नावाची शाळा आहे.

इथपर्यंतचे सप्रे प्रत्येक जयंतीला आठवले जातात. परंतु त्यांच्या आयुष्यात आणखी एक वर्ष आहे, ते १९०८. ‘हिंदी केसरी’तील लेखनाबद्दल त्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. घरच्यांच्या दडपणापुढे ते नमले, सरकारची माफी मागितली आणि सुटले. त्याच वर्षी लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या माफीने त्यांना किती जाळले असेल याची कल्पना येते. त्यानंतर त्यांनी लौकिक जीवनातून अंग काढून घेतले, रामदासी वृत्तीने राहिले, माधुकरीवर निर्वाह केला. त्या काळोखातूनच ‘दासबोधा’चा अनुवाद झाला आणि पुढचे सारे कार्य उभे राहिले. शाळेतील भाषणांत १९०८ चा उल्लेख बहुधा टाळला जातो. आदरापोटीच टाळला जातो. परंतु तो टाळला की अनुवादामागचे कारण जाते, आणि मुलांसमोर एक निर्दोष पुतळा उरतो. परीक्षेत नापास झालेल्या, भीतीने माघार घेतलेल्या, घरच्यांसाठी आपले काही सोडून द्यावे लागलेल्या मुलाला त्या पुतळ्याचा काही उपयोग नाही. खचून पुन्हा उभे राहिलेले सप्रे मात्र त्याच्या कामाचे आहेत.

यावर एक आक्षेप येईल आणि तो विचारात घ्यायला हवा. विसरणे ही निसर्गाची दया आहे; जुन्या जखमा उकरणाऱ्या समाजांत सूडाची आग पेटते, हेही जगाने पाहिले आहे. मग मुलांना हे सारे का सांगावे? कादंबरीतील ज्येष्ठही दुष्ट नव्हते. त्यांना पुढच्या पिढ्या सुखी हव्या होत्या. या आक्षेपाचे उत्तर कादंबरीतील दात्याच्या पद्धतीत आहे, आणि ते शिक्षकाला लगेच ओळखू येते. दाता प्रथम बर्फ आणि घसरगाडी देतो, युद्ध देत नाही. ऊन दिल्यानंतर भाजणे देतो. प्रत्येक दुःखाच्या आठवणीनंतर तो एखादी आनंदाची आठवण देतो. आणि देताना त्याचा हात मुलाच्या पाठीवर असतो. रोझमेरी कोसळली, कारण तिच्यापाशी दुःख लवकर आले आणि ते बोलून दाखवायला गावात दुसरे कोणी नव्हते. सूड उगवतो तो एकांगी स्मृतीतून. आपली जखम आठवते आणि आपण केलेली जखम आठवत नाही, तेव्हा. रतनपूर, बंगालची अंगाई आणि पुण्याचे बंद दफ्तर ज्याला एकत्र आठवतात, त्याच्या हातून सूडाची भाषा सहसा निघत नाही.

पालकांसाठी यातून एक साधी गोष्ट निघते. आजोबांची नोकरी गेली होती, काकांचे दुकान बुडाले होते, आत्याचे शिक्षण सातवीत थांबवले होते. अशा गोष्टी मुलांच्या कानावर पडू नयेत म्हणून घरोघरी आवाज खाली येतो. मुलांच्या सुखासाठीच तो खाली येतो. पण मग एक दिवस त्या मुलावर स्वतःचे संकट येते तेव्हा त्याच्या घराने असे काही पूर्वी सोसले होते, हे त्याला माहीत नसते. भाषेचेही तसेच. मराठी सुटली तर मुलाचे पोटापाण्याचे काही अडत नाही. हिंदी, छत्तीसगढी, इंग्रजी त्याच्यापाशी आहेतच. अडते ते एवढेच, की आजीने मनातले दुःख ज्या शब्दांत सांगितले असते ते शब्द त्याला परके होतात. पाठीवरचा हात राहतो, आठवण पोहोचत नाही.

‘स्मरणिका’ या शब्दातच स्मरण आहे, आणि प्रत्येक स्मरणिका निवड करते. गुणवत्ता यादीत आलेले, परदेशी गेलेले, पारितोषिके मिळवलेले विद्यार्थी तिच्यात यावेत, हे योग्यच आहे. पण मराठी माध्यमाच्या कोणत्याही शाळेच्या साठ वर्षांत शुल्काअभावी नाव काढलेली मुले असतात, लग्नासाठी शाळा सोडलेल्या मुली असतात, इंग्रजी माध्यमात गेलेली भावंडे असतात, रिकामे होत गेलेले बाक असतात, आणि कमी पगारात उभे आयुष्य काढलेले शिक्षक असतात. त्यांच्याविना साठ वर्षांचा हिशेब जुळत नाही.

म्हणून या सोहळ्याला येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना तीन विनंत्या. ग्रंथालयात एक जाड वही ठेवावी आणि शाळेविषयीचे जे बोचले, जे राहून गेले, तेही प्रत्येकाने आपल्या हाताने तिच्यात लिहावे. घरात मोडी कागद असतील तर ते रद्दीत न देता शाळेत आणावेत. ते वाचणारी माणसे अजून आहेत आणि शिकू इच्छिणारी मुलेही आहेत. आणि आठवी-नववीच्या प्रत्येक मुलाने या वर्षी आपल्या घरातील किंवा शेजारच्या एका वृद्ध व्यक्तीपाशी बसून एक आठवण लिहून आणावी. ती मराठीच असावी असे नाही, छत्तीसगढी असली तरी चालेल. प्रथम सुखाची आठवण विचारावी. दुःखाची आठवण विचारण्याची घाई करू नये. बहुधा ती व्यक्ती स्वतःच ती सांगेल, आणि तेव्हा मुलाने वही बाजूला ठेवून नुसते ऐकावे.